सरोवराच्या मधोमध

आई डोंगरात घालायचे नवे बूट चढवून स्वयंपाकघरात उभी होती. बूट पायाला सरावावेत म्हणून दुकानदाराने ते घरात घालायला सांगितले होते, आणि कुणी सांगितलेलं आईने आजवर कधी मोडलं नव्हतं.

"लष्करात भरती झालीस वाटतं," बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले. "जिना चढताना धाप लागते आणि म्हणे डोंगर चढणार. अगं, माझा चष्मा कुठाय?"

"कपाळावर."

लेक हसली. नक्की कुणाला हसली, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिला ऑफिसला उशीर होत होता. "आई, माझा निळा शर्ट?"

"इस्त्री करून दाराला लावलाय. आणि तुमचं जेवण करून फ्रीजमध्ये ठेवलंय. डब्यांवर वार लिहिलेत."

"अगं, आठ दिवस तू नसलीस तर आम्ही काही उपाशी मरणार नाही."

"बघू," आई म्हणाली, आणि बूट वाजवत गॅसकडे गेली.

तो शेवटचा साधासुधा दिवस. दुसऱ्या दिवशी आई त्या सहलीला गेली. चार-सहा माणसं, एक वाटाड्या. आधी डोंगर चढायचे, मग पलीकडच्या सरोवरात नाव वल्हवत उतरायचं. परतायच्या दिवशी ती भल्या पहाटे एकटीच नाव घेऊन निघाली. नाव सापडली, उलटी. आई सापडली नाही.

वर्ष उलटलं. बाबांनी मनाची समजूत घातली. मृत्यूचा दाखला मिळायला लेकीने सरकारी अधिकाऱ्यासमोर फक्त एवढंच म्हणायचं होतं, की आई वारली. ती जायची, खुर्चीत बसायची, आणि न बोलता परत यायची.

"तुझ्या एका वाक्यासाठी तिला धड निरोपही देता येत नाही," बाबा म्हणाले.

"ती जागा पाहून येते. मग बोलेन. नाहीतर कधीच बोलणार नाही."

तिने त्याच सहलीत, त्याच वाटाड्याबरोबर जागा घेतली.

वाटेत तिचा पाय एका जागी ठरला नाही. बाकीचे टेकले की ही उठून काठाकाठाने फिरून यायची. झुडपात अडकलेलं फडकं दिसलं तरी धावत जायची. सोबतची माणसं बरी होती. एक निवृत्त जोडपं एका नावेत भांडत बसायचं. तिच्या नावेत एक दंतवैद्य होता. तो मागे बसून दिशा सांभाळायचा, ती पुढे बसून ताल धरायची.

"उजवीकडे घ्या, अहो उजवीकडे!" निवृत्त बाई ओरडायच्या.

"जन्मभर तुझंच ऐकत आलोय. निदान पाण्यात तरी माझं चालू दे."

"चालू दिलं, म्हणून तर दगडावर आपटलो!"

सगळे हसायचे, वाटाड्याही. पण तिने त्याला एकट्याला गाठलं की त्याचं हसू मावळायचं.

"नीट शोधलं होतंत ना?"

"शोधलं, ताई."

"मग?"

"पाणी खोल आहे." बांधलेल्या दोरीची गाठ सोडून तो ती पुन्हा बांधू लागला.

"दादा, तुम्ही काहीतरी लपवताय."

त्याने मान वर केली. "समजा, सापडल्या. तर काय कराल?"

"काय करेन म्हणजे? घरी नेईन."

त्याने दोरी खांद्यावर टाकली आणि तो नावांकडे गेला.

शेवटचा कॅम्प सरोवराच्या पलीकडच्या काठावर होता. तिथल्या माणसांनी तंबू आधीच ठोकून ठेवले होते. नावा काठाला लागल्या आणि वाटाड्याने तिच्या हातात किटली दिली. "स्वयंपाकाच्या तंबूतून गरम पाणी आणता? मी करतो इथलं. तुम्हीच जा."

ती गेली ती बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा किटली रिकामी होती आणि डोळे लाल.

"धूर होता का फार?" दंतवैद्याने विचारलं.

"हो."

"आणि पाणी?"

"राहिलंच."

त्या संध्याकाळी ती पहिल्यांदाच एका जागी बसून राहिली. वाटाड्याला तिने काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "मला घरी फोन करायचाय."

"इथे कड्यांमुळे सिग्नल अडतो. सॅटेलाइट फोन पार मधोमध गेल्यावरच लागतो. उद्या निघताना देतो."

सकाळी दंतवैद्याच्या तळहातांवर फोड आलेले होते. जगाचे दात उपटणारा माणूस, पण फोडाला कुणाला हात लावू देईना. वाटाड्याने त्याला आपल्या नावेत घेतलं आणि तिला म्हणाला, "तुमच्या मागे कॅम्पवरचं माणूस देतो. पाणी पाठ आहे त्याला."

दुसऱ्या नावा पुढे गेल्या. सरोवराच्या मध्यावर तिने वल्हं आडवं ठेवलं आणि फोन लावला.

"बाबा."

"बोल गं. काही कळलं?"

चोहीकडे कडे उभे होते. पाण्यावर साधी सुरकुतीही नव्हती.

"बाबा, आई वारली."

बाबांनी विचारलं, "नक्की?"

"नक्की. आता मनात काही ठेवू नका. मी आले की अधिकाऱ्यासमोरही बोलते."

बाबा रडू लागले. वर्षभरात ती त्यांना पहिल्यांदाच रडताना ऐकत होती. तिने त्यांना थांबवलं नाही. त्यांचं रडून झाल्यावरच फोन बंद केला.

तिने वल्हं हातात घेतलं, पण ते उचलवेना. मागचं वल्हंही केव्हाचं थांबलेलं होतं.

"बीपीची गोळी घेतात का गं वेळेवर?" मागून आईने विचारलं.