दसऱ्याला शिंपडलेलं पाणी

सीपीयूच्या जाळीतून हळदीकुंकवाचं पाणी ठिबकत होतं. दसऱ्याच्या पूजेत प्रमिलाबाईंनी फुलाने ते सढळ हाताने शिंपडलं होतं आणि चालू कॉम्प्युटर फटकन बंद पडला होता.

"वायर काढा, झाकण उघडून पंख्याखाली ठेवा," दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला. "आणि काकू, पूर्ण वाळेपर्यंत बटण दाबू नका, नाहीतर कायमचा जाईल."

पण घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचे यजमान दिगंबरराव त्यातूनच बोलायचे. ते टाइप करायचे, स्पीकर वाचून दाखवायचा. "मी तुमचा आवाज घालवला हो!" प्रमिलाबाईंना धीर धरवेना. काढलेली वायर त्यांनी पुन्हा खुपसली आणि बटणाकडे हात नेला.

दिगंबररावांनी तो हात घट्ट धरला. त्यांचे ओठ नुसतेच हलले. "राहू दे, प्रमिला."

प्रमिलाबाईंना स्पष्ट कळलं. स्पीकर आल्यापासून त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलंच नव्हतं.