चांगल्या वळणाची सून

पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी मंगलकडे मान वर करून एकदाही बघितलं नाही, आणि तिच्या लेकाचा, अमृतचा दोष काय काढला, तर म्हणे पोरगा नजरेला नजर देत नाही! "आवाज झाला की कान दाबतो, दिवसभर डब्यांची झाकणं फिरवत बसतो. ऑटिझम म्हणतात याला."

स्वतःच्या वरातीत ताशा कडाडला तेव्हा मंगलनंही असेच कान दाबले होते. अख्खं विंझर गाव तिला आजही घुमी म्हणतं.

"साहेब, माझं बी ल्हानपणापासून असंच हाय. मलाबी त्येच असंल का?"

डॉक्टर हसले. "संसार करताय ना, बाई? मग तुम्हाला कसला ऑटिझम?"

"व्हय तर!" शेजारी बसलेली सासू फिस्कारली. "हिला काय धाड भरलीया? बघायला गेलो तवा पोरीनं नजर वर केली न्हाई. म्हनलं, वळण चांगलंय, हीच सून करायची!"

 

मंगल टेबलाच्या कडेकडे बघतच बोलली, "मग साहेब, माझ्यातलं वळण माझ्या लेकरात आजार कसं झालं? सांगा की!"