मार्गदर्शक

"इतका महत्त्वाचा विषय, आणि एकाही पेपरने छापला नाही? असं कसं?" विश्वस्त बाईंनी विचारलं. विचारताना त्या खरोखरच दुखावल्यासारख्या दिसत होत्या.

ती अनुदान मागायला आलेली बातमीदार होती. समोर निवड समितीचे तिघे बसले होते. निर्भीड पत्रकारितेला अनुदान देणाऱ्या संस्थेच्या या विश्वस्त बाई, त्यांच्या शेजारी संस्थेचे संचालक, आणि टेबलाच्या टोकाला, पाण्याच्या बाटलीचं झाकण उगाच फिरवत, तिचे जुने संपादक. बातमीदार त्यांना कात्री म्हणत. तोंडावर अर्थात सर.

टेबलावर तिने आणलेले फोटो पसरले होते. जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढणारा एक कारखाना होता, त्याच्या मागच्या वस्तीतली ही मुलं. बोटांनी ओठ वर धरून उभी. हिरड्यांच्या कडेला निळी-काळी रेघ. अंगात शिसं भिनलं की अशी रेघ येऊ शकते. पण नुसत्या फोटोंना कारखान्याचा वकील हसला असता. रक्ताच्या अहवालांना हसणं त्याला जड गेलं असतं. अनुदान मिळालं तर वस्तीतल्या प्रत्येक मुलाचं रक्त तपासून घेता येणार होतं. त्यासाठीच ती इथे आली होती.

"छापायला दिलं होतं," ती म्हणाली. "छपाईसाठी पान लागलं होतं. ऐनवेळी उतरवलं. त्या जागी उन्हाळ्यात चेहऱ्याची निगा कशी राखावी, ते छापून आलं."

"अगं बाई! कुणी उतरवलं?"

तिने टेबलाच्या टोकाकडे पाहिलं. "सरांनी."

हा क्षण तिने भांडी घासताना, बसची वाट बघताना कितीदा तरी मनात रंगवला होता. कात्रीचा चेहरा पडेल, घसा कोरडा पडेल, ततपप होईल. तसलं काहीच झालं नाही. कात्रीने बाटली खाली ठेवली, चष्मा काढला आणि डोळे मिटून घेतले.

"खरं आहे," ते जड आवाजात म्हणाले. "मीच उतरवलं. मालकांचा फोन आला, आणि मी कच खाल्ली. ते ओझं मी रोज वाहतोय."

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. 'तुझी मेहनत मला दिसते गं' हे याच आवाजात म्हणून झाल्यावर, पुढच्याच महिन्यात त्यांनी तिला घरी बसवलं होतं.

विश्वस्त बाईंचे डोळे भरून आले. संचालक तर खुर्चीतून अर्धे उठलेच.

"सर, हे कबूल करायला छाती लागते! अहो, खरी स्टोरी हीच आहे. ज्याने बातमी दाबली तोच संपादक आज त्याच बातमीदाराच्या पाठीशी उभा राहतो! याच्यावर एक छोटी फिल्म करू. वार्षिक समारंभात दाखवू. देणगीदार हलून जातील."

"आणि मुलं?" तिने विचारलं.

"मुलं आहेतच की. मागे दिसतील."

बाई एकदम अगं-तुगंवर आल्या. "अनुदान तुलाच गं. आणि मार्गदर्शक म्हणून सर. तू लिहिलेलं सगळं आधी त्यांच्या नजरेखालून जाईल, म्हणजे तुलाही आधार."

कात्रीने नम्रपणे मान तुकवली. "घाई मात्र नको," ते मायेने म्हणाले. "कारखान्याची बाजूही नीट यायला हवी. नावांचं शेवटी बघू. घालायची की नाही ते."

"मला दुसरा मार्गदर्शक चालेल," ती म्हणाली. "कुणीही चालेल."

"आता ते कसं शक्य आहे?" संचालकांचा हिरमोड झाला. "सगळं त्यावरच तर उभं आहे."

"अढी ठेवू नकोस मनात," बाई म्हणाल्या. "एवढा मोठा माणूस चूक कबूल करतोय. माफ करून टाक बघू."

तिघेही तिच्याकडे बघत थांबले. संचालकांनी तर मोबाइल काढून हातात धरला होता, माफीचा क्षण निसटायला नको म्हणून. रक्ताच्या तपासण्या तिच्या डोळ्यांपुढे आल्या. 'हो' अगदी ओठांवर आलं. पण तपासण्या होतील, अहवाल येतील, ती लिहील, आणि ते सगळं जाईल ते पुन्हा याच हातांत.

कात्रीची बाटली एका मुलीच्या फोटोवर ठेवलेली होती. तिने ती उचलून बाजूला ठेवली, फोटो पदराने पुसला आणि बाकीचे फोटो गोळा करायला लागली.

"माझं काय बिघडलं, सर? एक नोकरी गेली, दुसरी मिळाली," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. घरी जेवायला बोलवावं इतक्या साधेपणाने ती बोलत होती. "माफी मागायची तर या मुलांच्या आयांकडे मागू या. मी येते बरोबर. खाली गाडी मिळेल. आत्ताच निघू."

कात्रीने चष्मा डोळ्यांवर चढवला. आज पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी दिसली.

"तिकडे नको," ते म्हणाले. "तिथली हवा फार वाईट आहे. मला दमा आहे."

कुणाच्याही चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. विश्वस्त बाईंनी घाईघाईने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"छे, छे, सर, तुम्ही मुळीच जायचं नाही," त्या म्हणाल्या. "तब्येतीशी खेळ नको."