दातांचा दाखला

पीटर सर तिसऱ्या पायरीवर आपटले, तेव्हा त्यांच्या मनगटातून वाळकी काडी मोडल्यासारखा आवाज आला. ऑफिसच्या दारात उभ्या असलेल्या क्लार्क मोहिनीनं तो चांगला ऐकला. पाठोपाठ सरांची बॅग आली, बॅगेमागून बूट, आणि बुटांमागून इंग्रजी शाळेचा मालक दुर्गेश.

"साठी उलटली अन् मले पस्तीस सांगते?" त्यानं सरांच्या बरगडीत लाथ घातली. "पालक काय म्हनतीन? दुर्गेशभाऊनं इंग्लंडातून रिटायर मानूस आनला?"

सरांचं वय पकडलं होतं ते दातांवरून. पकडणारा दुर्गेशचा बाप, नत्थूजी. चाळीस वर्षं त्यानं बैलबाजारात दलाली केलेली. जबडा उघडून जनावराचं वय सांगण्यात आख्ख्या समुद्रपूर तालुक्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. गोऱ्यांचं वय चेहऱ्यावरून कळत नाही आणि कागदांचा भरवसा नाही, म्हणून दुर्गेशनं बापालाच या कामाला जुंपलं होतं. गंमत म्हणजे नत्थूजीच्या स्वतःच्या तोंडात दोनच दात उरले होते, एक वर आणि एक खाली. एरवी तो गेटवर बसायचा. सगळे त्याला 'म्हातारा' म्हणायचे, पोटचा पोरगासुद्धा.

सर मनगट धरून लंगडत रस्त्याला लागले, तेव्हा नत्थूजीनं तोंड फिरवलं.

"मी खरं बोललो वं मोहिनी," तो पुटपुटला. "बाजारात खरं बोललं का जनावर सस्त्यात जाये, बस. त्याले कोनी मारे नाई."

दुर्गेशनं मोहिनीच्या टेबलावर काठी आपटली. "दुसरा पाह्य. चाळीसच्या आतला. पंधरा दिवसांत बसस्टँडवर गोऱ्या मास्तरच्या फोटोचं होर्डिंग लागलं पाह्यजे. अन् आता म्हातारं निघालं ना, तर त्याच्या संग तुह्यी बी हड्डी मोडतो."

मोहिनीनं आलेल्या अर्जांतून लिंडा मॅडम निवडल्या. वय अडतीस, असं मॅडमनी लिहिलं होतं. बुधवारी त्या नागपूरच्या बसनं उतरल्या. सोनेरी केस, लालभडक लिपस्टिक, आणि हसल्या की टूथपेस्टच्या जाहिरातीत शोभतील असे दात. मोहिनीचा जीव भांड्यात पडला.

गेटवर मॅडम थांबल्या. नत्थूजीला त्यांनी हात जोडले.

"व्हॉट इज युअर नेम, सर?"

नत्थूजीनं आधी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. मग त्यानं नाव सांगितलं.

"गुड मॉर्निंग, नत्थू सर."

पाचवीच्या वर्गात मॅडमनी असा डेमो दिला की विचारू नका. वर्षभर यस-नोच्या पुढे न गेलेली पोरं बाकांवर उभी राहून आख्खी वाक्यं ठोकायला लागली. खिडकीबाहेर नत्थूजीचे ओठही हलत होते. माय नेम इज नत्थू.

"शिकवनं चांगलं हाय," ऑफिसात दुर्गेश म्हणाला. "पासपोर्ट?"

"इन व्हिसा ऑफिस," मॅडम म्हणाल्या.

"पीटरचा बी तिथंच होता." दुर्गेशनं दाराला कडी घातली. "ए म्हाताऱ्या, दात पाह्य हिचे."

मॅडम उठल्या. दुर्गेशनं खांदे धरून त्यांना पुन्हा खुर्चीत आदळलं. मोहिनी मध्ये पडली, तर उलट्या हाताची अशी बसली की ती कपाटावर जाऊन धडकली. तिच्या कानात शिट्टी वाजायला लागली आणि जिभेला रक्ताची खारट चव आली.

नत्थूजी पुढे झाला. खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यानं मॅडमच्या तोंडावर धरला.

"हे कायले?" दुर्गेश म्हणाला.

"बाईमानूस हाय. आडपडदा लागते."

दुपट्ट्याखाली त्याचा हात गेला. मग बारीक पाहायला डोकंही गेलं. मॅडमचे पाय फरशीवर घासले, खुर्ची करकरली. आणि एकाएकी नत्थूजी असा किंचाळला की बाहेर झाडावरचे कावळे उडाले.

तो मागे सरकला. करंगळीतून रक्ताची धार मनगटावर उतरत होती. करंगळी तोंडात घालून त्यानं चोखली, मग आख्खी मूठ दुपट्ट्यात गुंडाळली. मॅडमनी रुमालानं तोंड गच्च दाबलं होतं. त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते.

"चावली," नत्थूजी कण्हला. "पार हाडापर्यंत. अडतीसच्या वर एक दिवस नाई. असा जबडा जवान जनावराचाच."

दुर्गेशनं फरशीवरचे लाल थेंब पाहिले आणि तो पोट धरून हसला. "वाघीन हाय म्हनजे. मॅडम, सोमवारपासून येजा. होर्डिंगचा फोटो उद्या काढू."

मॅडमनी नुसती मान हलवली. एक शब्द न बोलता, रुमाल न काढता कागदावर सही केली. दुर्गेश होर्डिंगवाल्याला फोन लावत बाहेर गेला. त्याची गाडी गेटबाहेर पडेपर्यंत तिघंही जागचे हलले नाहीत.

मग मोहिनी कापूस आणि डेटॉल घेऊन नत्थूजीपुढे बसली. तिचा स्वतःचा गाल अजून भणभणत होता.

"दाखवा, बाबाजी. चावलं एक बोट, अन् आख्खी मूठ काऊन बांधली?"

नत्थूजीनं दाराकडे पाहिलं. मग दुपट्टा सोडला आणि मूठ उघडली.

तळहातावर मॅडमची आख्खी कवळी होती. आणि करंगळीवर दोनच दात उमटले होते, एक वर, एक खाली.