नवे शॉकअप

गंगाराम मिस्त्रीने बांद्याच्या गॅरेजात बाहत्तर सालच्या फियाटची डिकी दोन्ही हातांनी खाली दाबली आणि सोडली. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. डुलतच राहिली. त्याने वाकून मागच्या चाकांमागे पाहिलं. धक्के झेलणारे दोन्ही शॉकअप तेलाने माखले होते.

"तेल गळान गेलां. दोन्ही बदलूक होये," तो म्हणाला. "हेच्यातसून दुखणेकऱ्याक न्हेतास? गुरांकव कोण असो न्हेणा नाय."

गाडी चालवत आलेल्या सत्यवानने पडवीकडे पाहिलं. गोव्याच्या इस्पितळातून निघाल्यापासून मागच्या सीटवर आई प्रत्येक खड्ड्याला कण्हत होती आणि पुढे त्याचा जीव खालीवर होत होता. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. कशासाठी, ते सांगायची गरज नव्हती.

"नवे घाल," तो म्हणाला.

त्याची आई काशीबाई गॅरेजच्या पडवीत आडवी झाली होती. मोतीबिंदूने तिचे डोळे कधीच नेले होते. सकाळपासून एकच टुमणं चाललं होतं.

"सत्या, वाटेर इन्सुली लागतली मां? माज्या म्हायारच्या देवीक गाऱ्हाणां घालूचा आसा. आता परत काय मी येवचंय नाय."

"घाल गो आये. वाटेरच आसा."

ऊन उतरल्यावर गाडी निघाली. रस्ता तोच, खड्डेही तेच, पण मागून हूं की चूं ऐकू येईना. इन्सुलीच्या देवळाजवळ ओढ्यावरची मोरी ओलांडताना सत्यवानने आरशात पाहिलं. आईचे हात छातीवर जोडलेले होते. चला, घातलं गाऱ्हाणं, असं मनात म्हणून तो थांबला नाही. कित्येक दिवसांनी त्याला बरं वाटलं. माणसाला बरं वाटायला एवढंसंही पुरतं.

दिवेलागणीला समुद्रकाठच्या तोंडवलीत घराच्या दारात गाडी उभी राहिली. त्याने मागचं दार उघडलं. आई जागी होती. हात तसेच जोडलेले होते.

"इन्सुली अजून इली नाय रे?" तिने विचारलं. "देवळाकडच्या मोरयेर गाडी आपटता, कमरेत कळ येता. ती इली काय मी गाऱ्हाणां घालतंय. डोळे गेल्यापासना तसांच. कवाधरना हात जोडून बसलंय, पण गाडी आपटणाच नाय."

सत्यवानला हंबरडा फोडावासा वाटला. पुन्हा तेवढं मागे जायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं, हे त्याला दिसत होतं.

काशीबाईने मान वळवून कान दिला.

"आणि सत्या, हो दर्याचो आवाज कसलो? इन्सुलीक दर्यो खंयसून इलो?"