धुराच्या पिशव्या

"टिकली, बाबा! माझी भुकटी आपल्या भट्टीचा धूर पिऊन टिकली!" साक्षी बाबाच्या खाटेवर वाकून म्हणाली.

गोविंदाने ऑक्सिजनचा मास्क हनुवटीवर ओढला. "टिकीनच. पोरगी कोनाची हाय?"

"मास्क काहून काढून राह्यले?" रुख्मिणी नवऱ्यावर कावली. "सिस्टर मलेच बोलते मंग."

वाशीमच्या दवाखान्यातला तो वॉर्ड घटकाभर हसला. साक्षी सकाळीच नागपूरच्या प्रयोगशाळेतून आली होती. बाबाला बघायला, आणि ही बातमी त्याच्या कानात घालायला.

तिची पांढरी भुकटी, जात्यातून नुकत्या पडलेल्या पिठासारखी. धुरातला कार्बन डायऑक्साइड ती धरून ठेवायची, तापवली की सोडून द्यायची, पुन्हा धरायला मोकळी. पण कोळशाच्या धुरात गंधकाचाही वायू असतो. तो एकदा चिकटला की सुटत नाही. भुकटी मरते. साक्षीच्या कितीतरी भुकट्या अशा मेल्या. सिलिंडरमधल्या शुद्ध वायूत जगायच्या, गंधक लागला की माना टाकायच्या. खरा धूर हवा होता. तिने बाबाला साकडं घातलं.

जऊळक्याच्या वीटभट्टीवर अर्धं आयुष्य काढलेला गोविंदा हिवाळाभर धुराड्याच्या भोकाशी बसला. नळी लावून पिशव्या भरल्या, आणि लेक सासरी पाठवावी तशी एकेक पिशवी नागपूरच्या बसमध्ये जपून ठेवली. पिशवीतला गंधक मोजायचं यंत्र तेव्हा बिघडलेलं. कोळसा ओळखीचा, म्हणून साक्षीने अंदाज धरला. आणि नवी भुकटी मेली नाही. आता ती वीजकेंद्राच्या चिमणीवर लागणार होती, साक्षीच्या नावानं.

बाबा मात्र त्याच हिवाळ्यात खचला. इतकी वर्षं धुरात काढलेला माणूस एकाएकी कसा बसला, डॉक्टरांना उमगेना.

"धूर साफ होता ना, बाई?" गोविंदाने हळूच विचारलं.

"साफ?"

"मंग! वंगाळ धूर पाठवतो का तुले? नळीच्या तोंडाले ओला दुपट्टा बांधला. गाळू गाळू भरल्या पिशव्या. काळा पडला का धुवाचा, पुन्हा बांधाचा."

साक्षीला कळलं. गंधकाचा वायू त्या ओल्या कापडातच विरून गेला होता. भुकटीने त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं. ती टिकली नव्हती. तिला कुणी मारलंच नव्हतं.

सांगायला म्हणून तिने तोंड उघडलं, आणि बाबाच्या ओठांची जांभळी कड दिसली. भट्टीवरचा कुणीही माणूस नाक-तोंड गुंडाळल्याशिवाय धुराड्यापाशी जात नाही.

"बाबा... मंग तुमी नाकाले काय बांधलं होतं?"

गोविंदाला प्रश्नच कळला नाही.

"दुपट्टा एकच होता ना, माय."