समोरासमोरची बाकं
उजव्या बाकाचा शेवटचा नट आवळून झाला, तसा भिवाजी जुन्या जीपमध्ये मागून चढला आणि ड्रायव्हरच्या पाठीमागं बसून त्यानं अंदाज घेतला.

"इथं धरायला एक कडी लाव," तो मेकॅनिक इस्माईलला म्हणाला. "घाटात वळणावर हौसाचा तोल जातो."

महिन्यापूर्वी बायकोला दवाखान्यात झोपवून न्यायचं म्हणून त्यानंच ही दोन्ही बाकं काढून टाकली होती. "येताना मात्र मी बसून येणार हां," गादीवरून हौसानं दटावलं होतं. म्हणून आज त्यानं बाकांना नवं रेक्झिन चढवलं होतं, तिच्या आवडीचं हिरवं.

तेवढ्यात दवाखान्यातून लेकीचा फोन आला. "आबा, डॉक्टर म्हणतात, आईला आता घरी न्या."

"बघ! मी म्हणत नव्हतो?" भिवाजी हरखला. "बाकं तयारच हायेत."

पलीकडं लेक नुसती रडत राहिली. मग म्हणाली, "झोपवूनच न्यावं लागंल, आबा. आता काही उपाय नाही म्हणाले."

भिवाजीचा चेहरा बघूनच इस्माईल समजला. पाना उचलून तो नट सैल करू लागला.

"एकाच बाजूचं काढ," भिवाजी म्हणाला. "दुसऱ्यावर मी बसतो, तिच्या उशाशी. गाडी तू चालव."